पाटीवर नसलेली नावे : आमच्या शाळा आणि पालक

आमच्या बहुतेक शाळांच्या दारात शिरताना भिंतीवर एक संगमरवरी पाटी दिसते. तिच्यावर देणगीदाराचे नाव असते, उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचे नाव असते आणि खाली हिजरी व इसवी अशी दोन्ही साले कोरलेली असतात. शाळेला पन्नास वर्षे झाली की एक स्मरणिका निघते आणि तिच्यात या पाटीचाच विस्तार होतो. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुख्याध्यापक यांची छायाचित्रे ओळीने छापली जातात. ज्यांनी आपली मुले त्या शाळेत पाठवली, जागेची साफसफाई केली, शिक्षकाला वेळेला भाकर दिली, त्यांची बोळवण मात्र 'समाजाच्या सहकार्याने' एवढ्यावर होते. बी.एड. करताना 'शाळा आणि समाज' असा एक पाठ आम्हाला होता. त्यात अमेरिकेचा जॉन ड्यूई होता, गांधीजींची नई तालीम होती. आपल्या मोहल्ल्यातला मकतब तेवढा नव्हता. म्हणून मुस्लिम समाजाच्या शिक्षणाचा इतिहास थोडा पालकांच्या बाजूने पाहावा, असे आम्हाला वाटते.

मकतबापासूनच सुरुवात केली पाहिजे. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची 'बिस्मिल्लाह' करण्याची रीत जुनी आहे. घरातली वडील माणसे मुलाला नवे कपडे घालून बसवीत, उस्ताद पहिली अक्षरे म्हणून घेत आणि मिठाई वाटली जाई. शिक्षणाचा आरंभ घरात, घरच्या माणसांच्या देखत होई. पुढे मूल मकतबात जाऊ लागले की दर जुमेरातीला उस्तादाला थोडे पैसे किंवा धान्य नेऊन देई. त्यालाच 'जुमेराती' म्हणत. मुलींसाठी शेजारच्याच एखाद्या घरात उस्तानी असे आणि तिचे शिकवणे चुलीजवळच चाले. पालक आणि शिक्षक यांच्यात तिसरे कोणी नव्हते. पण या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. 'हड्डी हमारी, चमडी आपकी' असे म्हणून बाप मुलाला उस्तादाच्या हवाली करी आणि त्यानंतर मुलाला काय शिकवले जाते, ते का शिकवले जाते, हे विचारणे बेअदबी समजली जाई. विश्वास होता, पण सहभाग मात्र रसद पुरवण्यापुरताच होता.

मुलाच्या शाळेसाठी पुढे येणारा माणूस त्याचा बापच असला पाहिजे असेही नाही. पुण्यात जोतीराव फुले यांची शाळा लहानपणीच सुटली होती. माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचे, असे लोकांनी गोविंदरावांच्या मनात भरवले होते. त्या वेळी शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ लागले. मुन्शी हे अरबी-फारसीचे जाणकार होते. ते ना शाळेचे संचालक होते ना देणगीदार. शेजारचा पोरगा हुशार आहे, तो घरी बसू नये, एवढाच त्यांचा स्वार्थ. एका शेजाऱ्याने बापाच्या ओट्यावर बसून केलेल्या त्या बोलण्यातून पुढे महाराष्ट्राला काय मिळाले, हे सांगण्याची गरज नाही.

१८४८ मध्ये मुलींची शाळा काढल्यावर फुले दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांचे नाव फुले-चरित्रांत येते. त्यांच्या घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर असा दावा झाला की फातिमा शेख नावाची व्यक्तीच नव्हती. त्यांच्याविषयी कागदोपत्री पुरावा थोडा आहे हे खरे. त्यांच्या जन्मतारखेपासून पुष्कळ गोष्टी मागाहून चिकटवलेल्या आहेत हेही खरे. पण सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, या आशयाचे ते वाक्य आहे. आम्हाला जयंतीच्या पोस्टरपेक्षा ते एक वाक्य मोलाचे वाटते. शाळेतली एक बाई आजारी पडली की दुसरीवर दोन वर्गांचा भार येतो, हे ज्याने शिकवले आहे त्याला त्या वाक्यातली सगळी शाळा दिसते.

मुंबईची कहाणी वेगळी आहे. तिथे पैसा होता आणि व्यापारी जमाती होत्या. १८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यातल्या तीन हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट आणि फ्रामजी कावसजी यांच्याबरोबर मोहम्मद इब्राहिम मकबा हे मुस्लिम गृहस्थ होते. म्हणजे सरकारी शिक्षणाच्या पहिल्या बैठकीत आपली खुर्ची होती. मागे बसणारी मुलेच नव्हती. हे अंतर भरून काढण्यासाठी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन हे तय्यबजी बंधू, कोकणी घराण्यातले नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि गुलाम मोहम्मद मुन्शी ही त्यामागची मंडळी. सुलेमानी बोहरा, कोकणी, मेमन अशा एरवी आपापल्या मशिदीत आणि आपापल्या जमातखान्यात वावरणाऱ्या लोकांना शाळेच्या निमित्ताने एका सतरंजीवर बसावे लागले. पहिली शाळा सुरू व्हायला १८८० साल उजाडले. बोरीबंदर स्थानकासमोरची ती देखणी इमारत १८९३ मध्ये तयार झाली. १८७४ ते १८८० ही मधली सहा वर्षे बहुतेक लोक एका उडीत ओलांडतात. सभा घेणे, सरकारकडे अर्ज करणे, घरोघर समजावणे, इंग्रजी शिकल्याने मुलगा बिघडत नाही हे पटवणे, यात तो काळ गेला. इमारतीपेक्षा हे काम जड होते.

१८८२ मध्ये हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीरावांनी आपले निवेदन दिले आणि अंजुमनच्या वतीनेही मुस्लिम शिक्षणाची कैफियत मांडली गेली. शेतकऱ्यांकडून वसूल होणारा पैसा त्यांच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. आमच्या समाजाची अडचण निराळी आहे, ती ध्यानात घ्या, असे अंजुमनचे. दोन्ही निवेदने एकाच आयोगाच्या दप्तरात आहेत, पण आपल्याकडे एक वाचणारे दुसरे वाचत नाहीत. दोन्ही एकत्र वाचली तर एक फरक डोळ्यांत भरतो. जोतीराव ज्यांच्यासाठी बोलत होते तो पालक गरीब कुणबी होता. अंजुमनच्या मंडळींना समाजाची गरिबी ठाऊक होती, पण बोलणारे स्वतः बॅरिस्टर आणि व्यापारी होते. हा दोष नव्हे, ती त्या काळची रचना होती. मात्र तिचा एक परिणाम आमच्या संस्थांत अजून टिकून आहे : संस्था चालवणारे एक आणि मुले पाठवणारे दुसरे.

या दोहोंतली भिंत जिथे नव्हती असे एक उदाहरण अलीगढचे आहे. सर सय्यद यांच्या कॉलेजसाठी १८९० मध्ये 'अंजुमन-अल-फर्ज' निघाली. विद्यार्थी सुट्टीत गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसा जमवीत. ते मुलांचे झाले. मुलींसाठी शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये अलीगढ शहरात लहानशी शाळा काढली. परदा पाळणाऱ्या घरातली मुलगी रस्त्यावरून चालत शाळेत जाणार कशी, हा पहिला प्रश्न होता आणि तो अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधीचा होता. शाळेने डोल्या ठरवल्या. पडदे लावलेल्या डोल्यांतून मुली येत आणि परत जात. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी मदत दिली, सरकारचे अनुदानही मिळाले. पण पैशाने आईबापांची भीती जात नाही. १९१४ मध्ये वसतिगृह सुरू करायचे ठरले, तेव्हा आपली मुलगी रात्री घराबाहेर ठेवायला कोण तयार होणार? वहीद जहाँ बेगम स्वतः वसतिगृहात राहायला गेल्या आणि पहिल्या मुलींत त्यांच्याच घरच्या व नात्यातल्या मुली होत्या. मुली त्यांना 'आला बी' म्हणत आणि अब्दुल्लांना 'पापा मियाँ'. जेवण कसे आहे, कोणाला ताप आला आहे, कोण रडते आहे, हे बघणारी एक आई तिथे आहे, हे कळल्यावर इतर घरांची दारे उघडली. पुढे लेखिका आणि डॉक्टर म्हणून गाजलेल्या रशीद जहाँ या त्यांच्याच कन्या. आज ही संस्था अलीगढ विद्यापीठाचे महिला महाविद्यालय म्हणून उभी आहे. या इतिहासात अब्दुल्लांचे नाव आधी येते. आम्हाला मात्र वाटते की शाळा अब्दुल्लांनी काढली आणि आला बींनी टिकवली.

महाराष्ट्रात परत येऊ. कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मुस्लिम समाजातल्या प्रतिष्ठितांना एकत्र करून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग उभे राहिले. राजाने अध्यक्ष व्हावे लागले, यात राजाचे मोठेपण आहे. पण आमच्या पुढाऱ्यांच्या सुस्तीचीही ती नोंद आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांनी रागावू नये. शेजारच्या सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग चालवले. ते पोसण्यासाठी 'मुष्टी फंड' होता. घरातल्या बाईने रोज दळण-कांडण करताना मूठभर धान्य बोर्डिंगच्या नावाने वेगळे काढायचे आणि जमले की द्यायचे. मूठभर धान्याने बाईचे घर बुडत नाही, पण रोज ती मूठ काढताना तिला शाळेची आठवण होते. वर्षातून एकदा शंभर रुपये देणाऱ्या शेठजीला ती रोज होत नाही. अशाच बळावर १९३८ नंतर रयतने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या. गावाने जागा द्यायची, शिक्षकाच्या पोटापाण्याकडे पाहायचे, अशी बहुतेक ठिकाणची व्यवस्था होती. चिमूटभर पीठ, मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत आपल्याकडे मदरशांसाठी जुनीच आहे. ती मदरशापुरती का राहिली आणि मोहल्ल्यातल्या प्राथमिक शाळेपर्यंत का आली नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की मदरशात शिकणारी मुले मुस्लिम समाजाच्या शाळकरी मुलांत जेमतेम तीन-चार टक्के आहेत. बाकी मुले साध्या शाळांतच आहेत.

कोकणातली तऱ्हा आणखी निराळी. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांतला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर, मुंबईत, आफ्रिकेत, आणि १९७० नंतर आखातात. गावात 'पालक' म्हणजे आई, नाहीतर आजी. परदेशातून आलेल्या पैशातून शाळांच्या इमारती झाल्या, संगणक आले, संरक्षक भिंती बांधल्या गेल्या. पण शाळेच्या कमिटीत नावे मात्र त्या पुरुषांचीच. बाप दुबईत, सही गावातल्या चुलत्याची आणि मुलाचा अभ्यास आईकडे! त्यातून भाषेचा गुंता वेगळा. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि तहसीलदाराच्या कचेरीत मराठी. शाळेची सूचना उर्दूत निघते, शासनाचा निर्णय मराठीत येतो आणि आईला दोन्हींपैकी एक तरी नीट वाचता येते असे नाही. सभेला आया येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी एकदा चिठ्ठी कोणत्या भाषेत गेली होती ते पाहावे.

प्राथमिक शिक्षण सरकारचे झाले ही चांगलीच गोष्ट झाली, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबई प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्या परिषदांच्या झाल्या. उर्दू शाळांनाही पगारी, प्रशिक्षित शिक्षक मिळाले. जुमेरातीच्या पैशावर जगणाऱ्या उस्तादाची लाचारी संपली. आमच्यासारख्या अनेकांच्या घरची चूल त्यावर पेटते, हे आम्ही विसरत नाही. पण त्याबरोबर शाळेचे तोंड मोहल्ल्याकडून तालुक्याकडे वळले. शिक्षकाने उत्तर द्यायचे ते केंद्रप्रमुखाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला. पालक उरला दाखल्यापुरता, शिष्यवृत्तीच्या अर्जापुरता आणि फॉर्मवरच्या अंगठ्यापुरता. छप्पर गळले तरी 'सरकारची शाळा आहे, सरकार बघेल' असे पालक म्हणू लागला, आणि मूल गैरहजर राहिले तरी 'पालकांना कदर नाही' असे शिक्षक म्हणू लागले. ही दोन वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की ती आता एकमेकांना उत्तर देतात असे वाटते.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले. ग्राम शिक्षण समित्या आल्या, माता-पालक संघ आले. खिचडी शाळेत शिजू लागल्यावर बचत गटांच्या बाया शाळेत आल्या. आमच्या मते कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्या चुलीने आयांचे पाऊल शाळेत अधिक पडले. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करणे, आलेला निधी कसा खर्च होतो ते पाहणे, ही कामे समितीला दिली. कागदावर तरी शाळेच्या कारभारात पालकांची बहुसंख्या झाली.

आपल्या संस्थांच्या शाळांसाठी मात्र २०१२ च्या दुरुस्तीने या समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते ठेवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालाचा मोठ्या पीठाने फेरविचार करावा असे म्हटले. संविधानाच्या कलम ३० ने दिलेला, आपल्या संस्था आपण चालवण्याचा हक्क आम्हालाही प्रिय आहे. पण तो हक्क 'समाजा'ला दिलेला आहे. दहा-बारा विश्वस्त म्हणजे समाज आणि वर्गात चारशे मुले पाठवणारे आईबाप म्हणजे समाज नव्हे, असा अर्थ त्यातून कसा निघतो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मजुराच्या बायकोला जो कायदेशीर अधिकार आहे, तो अंजुमनच्या शाळेत तिच्याच जावेला नाही. संस्थाचालकांनी तो आपणहून द्यायला कोणत्याही निकालाची आडकाठी नाही. काही संस्थांनी दिलाही आहे. बऱ्याच ठिकाणी मात्र पालक सभा म्हणजे निकालाच्या दिवशीचे भाषण आणि फी थकल्याची यादी.

यात केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. गावोगाव उर्दू शाळांची पटसंख्या घसरते आहे. रिक्षावाल्यापासून मास्तरापर्यंत सगळे मुलांना इंग्रजी शाळेत घालत आहेत. उर्दू शाळांतले काही शिक्षकही त्यात आहेत, हे सांगायला संकोच वाटतो. अशा वेळी उर्दूच्या गोडव्याची भाषणे करून पट वाढत नाही. शाळेत आपले काही चालते, आपले मूल तिथे नजरेखाली आहे, असे ज्या आईला वाटते ती मूल सहसा काढत नाही, असा आमचा अनुभव आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा हे उघड दिसले. ज्या वस्तीत शिक्षकांची आयांशी आधीपासून ओळख होती तिथे एका फोनवर चार घरची मुले बसली, कोणी ओटा दिला, कोणी दहावी झालेल्या मुलीला लहानांना शिकवायला बसवले. जिथे ओळखच नव्हती तिथे शिक्षकाकडे फक्त बंद पडलेले मोबाईल नंबर होते.

आम्ही शिकवतो त्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. आठवीसाठी मुलींना हमरस्ता ओलांडून दुसऱ्या वस्तीतल्या हायस्कूलला जावे लागते आणि दरवर्षी सातवीनंतर काही मुली घरी बसत. समितीची बैठक पूर्वी सकाळी अकराला होई. त्या वेळी घरी यंत्रावर शिलाई करणाऱ्या आणि धुण्याभांड्यांना जाणाऱ्या आयांना येणे शक्य नव्हते. बैठक शुक्रवारी दुपारी, जुम्याची नमाज आणि जेवणे उरकल्यावर घ्यायला लागल्यापासून बाया येऊ लागल्या. मुलींच्या गळतीचा विषय निघाला, तेव्हा आमच्यातले काहीजण सायकली मिळवण्याच्या योजनेबद्दल बोलत होते. एक आई उठून म्हणाली, "सर, सायकल नको. रस्त्यात सोबत पाहिजे." मग त्यांनीच पाळ्या लावल्या. रोज दोन आया सकाळी मुलींना घेऊन जातात, दुपारी दुसऱ्या दोघी आणायला जातात. पाळीची यादी एका वहीत आहे. ती वही शाळेत नसते. ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टांगलेली असते, कारण दूध-साखरेला सगळ्याजणी तिथे जातातच. मागच्या जूनमध्ये सातवी झालेल्या सगळ्या मुलींची नावे हायस्कूलच्या पटावर चढली. यंदा त्या वहीत दोन आज्यांची आणि एका रिक्षावाल्या बापाचीही पाळी लागली आहे.